चाळिसाव्या पानाशी

पडद्याच्या आत मी होते आणि बाहेर शिवणवाली कुणाशी तरी बोलत होती. मी आत आहे हे ती विसरली असावी. असावी म्हणते, कारण पुढेपुढे मला त्याचीही खात्री वाटेनाशी झाली. बाहीत घट्ट होणारा कपडा अंगावर अर्धा चढला होता, एक हात आत आणि एक हात वर. अशा अवस्थेत माणसाला नीट ऐकूही येत नाही आणि ऐकलंच नाही असंही करता येत नाही. "वाचतंय कोण, बाई!" शिवणवाली म्हणाली. "दर आठवड्याला एक पुस्तक आणते, उशाशी ठेवते, परत नेऊन देते. नाही नेलं तर बाईंचं वाचनालय बंद पडायचं. आमचं सगळ्यांचं ठरलंय तसं." समोरची बाई हसली. वाईट हसली नाही. वाईट हसली असती तर मला बरं वाटलं असतं. भांडायला धागा मिळाला असता. ती मायेनं हसली, म्हाताऱ्या माणसानं तीच गोष्ट पुन्हा सांगितली की घरातले हसतात तसं. मग मशीन सुरू झालं. मी वर गेलेला हात हळूच खाली घेतला, कपडा काढला, आपला चढवला आणि पडदा सरकवून बाहेर आले. शिवणवालीच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. "बसला का बाहीत?" एवढंच तिनं विचारलं. बसला म्हटलं मी. बसला नव्हता.

घरी जाताना पायांपेक्षा डोकं जास्त चालत होतं. 'आमचं' म्हणाली असती तर गोष्ट वेगळी. तिच्या गल्लीतल्या चार बाया, त्यांना दिवसभर शिवण आणि धुणं, त्यांनी नाही वाचलं तर मी काय त्यांना फासावर देणार होते? पण 'आमचं सगळ्यांचं' म्हणाली. सगळे म्हणजे कोण? कधी ठरलं? कुठं? मी हजर नसताना माझ्याबद्दल गावात काहीतरी ठरतं आणि पुढचे कित्येक महिने माणसं माझ्यासमोर येऊन, पुस्तक निवडून, चेहरे गंभीर करून, शिक्का मारून घेऊन जातात. आणि मी? मी त्यांना पावसापाण्यात पुस्तक भिजू नये म्हणून कागदात गुंडाळून देते! वार्षिक सभेत अध्यक्षांनी स्पष्टच सांगितलं होतं. वाचनालयाचं अनुदान आता देवघेवीवर ठरणार. पुस्तकं बाहेर गेली तर पैसे, नाही गेली तर नाही. अध्यक्षांचं कापडाचं दुकान आमच्या भिंतीला भिंत लावून आहे, आणि सभेत बोलताना त्यांची नजर श्रोत्यांवर कमी आणि आमच्या दालनाच्या लांबीरुंदीवर जास्त होती. तेव्हा मला वाटलं होतं, यांना दालन गोदामासाठी हवंय. आता वाटलं, नाही, यांनीच गावात निरोप फिरवला असेल, की न्या बाबांनो पुस्तकं, बाई म्हातारी होत आलीय, तिचं मन राखा. म्हणजे एकाच माणसाला वाचनालय बुडवायचंही आहे आणि वाचवायचंही आहे, अशा दोन गोष्टी मी एका रस्त्यात पक्क्या केल्या. काविळीच्या डोळ्यांना सगळं पिवळं दिसतं हे मला माहीत आहे. पण काविळीच्या माणसासमोर खरंच एखादी पिवळी वस्तू ठेवली तर त्यानं काय करायचं?

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडलं आणि मला ते नेहमीसारखं दिसेना. तेच लांब टेबल, कडेला ज्याचं रोगण कोपरांनी गेलंय. तीच कपाटं, वरच्या फळीचा जुन्या कागदाचा कोंदट वास. खिडकीजवळची ती खुर्ची, जिचा एक पाय आखूड आहे आणि तरी सगळे तिच्यावरच बसतात. ही खोली मी अर्ध्या आयुष्याहून जास्त काळ झाडली, पुसली, उघडली, मिटली. वडील गेल्यावर दादानं घर सांभाळलं, वहिनीनं दादाला सांभाळलं, आणि मी हे. लग्न का केलं नाही असं विचारणाऱ्यांची तोंडं कधीच बंद झाली. आता विचारतात, निवृत्त कधी होणार. मी म्हणायची, वाचणारे आहेत तोवर. हे वाक्य म्हणताना मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा. आता समोर माणसं येत होती आणि मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. गवंडी आला, त्यानं जाड कादंबरी मागितली. जाड का? लवकर संपू नये म्हणून, की नेल्यासारखी दिसावी म्हणून? नर्स आली, "काहीही द्या बाई, तुमच्या पसंतीचं," म्हणाली. हे ती नेहमी म्हणते, आणि मला ते नेहमी माझं कौतुक वाटायचं. आता ऐकलं तर त्याचा सरळ अर्थ, काय फरक पडतो, असाच होता. पेपर वाचणारे दोघे कोपऱ्यात बसले होते, त्यांच्यावर तेवढा माझा संशय नव्हता. पेपर वाचल्याचं अनुदान मिळत नाही.

घरी मी गप्प होते तर वहिनीनं ओळखलं. वहिनीला काय ओळखता येत नाही! "काय वन्सं, आज पोस्टमास्तर आले नाहीत वाटतं?" असं म्हणून तिनं दादाकडे बघितलं आणि दादानं जेवणाकडे. मी म्हटलं, "आले की. यायचं काय, सगळेच येतात." वहिनी म्हणाली, "मग चेहरा असा का, कुणी पुस्तक फाडल्यासारखा?" तेव्हा माझ्या मनात आलं, हिलाही माहीत असेल. शिवणवालीकडे हीसुद्धा जाते. 'सगळ्यांचं' यात ही आहे का? दर पंधरवड्याला ही माझ्याकडून एक पुस्तक आणवते आणि ते पलंगाखाली जातं, मग परत माझ्या पिशवीत. "तू मागचं पुस्तक वाचलंस का गं?" मी विचारलं. वहिनी पाण्याचं भांडं भरत होती. ती न थांबता म्हणाली, "तुम्ही पोलिसात जायला हवं होतं, वन्सं. पगार बरा मिळाला असता." ताकास तूर लागू द्यायची नाही ही तिची जुनी खोड.

पोस्टमास्तरांचं नाव तिनं घेतलं म्हणून सांगते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गाव त्यांना पोस्टमास्तरच म्हणतं. बायको गेली, मुलगा दूर. उन्हं उतरली की येतात, आदल्या वेळचं पुस्तक टेबलावर ठेवतात, चष्मा काढून रुमालानं पुसतात आणि मग त्या पुस्तकाबद्दल बोलतात. हे बोलणं म्हणजे, मोकळेपणानं सांगायचं तर, माझ्या दिवसाचा गाभा होता. सकाळपासूनचं सगळं त्याच्या आधीचं आणि कुलूप लावणं त्याच्या नंतरचं. त्यांना पुस्तक आवडलं नाही तर ते लेखकावर असे रागावायचे की जणू त्यानं पत्ता चुकीचा लिहिला. आवडलं तर उभ्याउभ्या एखादा प्रसंग सांगायचे, आणि कधीकधी कपाट आवरायच्या निमित्तानं मी त्यांच्याकडे पाठ करायची, कारण ऐकताना माझा चेहरा कसा होत असेल याची मला शंका असायची. गावात कोणीच वाचत नसलं तरी हे वाचतात. एवढं मी त्या रात्री स्वतःला सांगितलं आणि मला झोप लागली.

पण संशय एकदा घरात शिरला की तो उंबऱ्यावर बसत नाही, थेट माजघरात येतो. मी ठरवलं, उगाच कुढण्यापेक्षा तपासून बघू. कोणाला काही विचारायचं नाही, हूं की चूं करायचं नाही. जुन्या पेपरांच्या कोऱ्या कडा कापून मी बोटाएवढ्या पट्ट्या केल्या. पुस्तक बाहेर जायच्या आधी त्यात एक पट्टी सरकवायची, नेहमी चाळीस आणि एक्केचाळीस या पानांच्या मधे, अगदी आत, शिवणीला टेकवून. सगळ्यांना एकच पान, म्हणजे लक्षात ठेवायला सोपं. वाचणाऱ्याचा हात तिथून गेला की पट्टी हलणार, पडणार, नाहीतर कुठेतरी दुसरीकडे सापडणार. नाही वाचलं तर जशीच्या तशी. कल्पना सुचली तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं हसू आलं. कातरीनं पट्ट्या कापताना मी गुणगुणत होते. आता आठवतं तेव्हा त्या गुणगुणण्याचीच जास्त लाज वाटते.

पुस्तकं परत येऊ लागली. माणूस पाठमोरा झाला की मी पुस्तक टेबलाखाली धरून उघडायची. गवंड्याची जाड कादंबरी: पट्टी जागच्या जागी. नर्सचं: जागच्या जागी. शाळेतली संगीतशिक्षिका, जी पुस्तक छातीशी धरून नेते, तिचं: जागच्या जागी, तसूभर हललेली नाही. मला वाटलं होतं, काही तरी हलतील, काही नाहीत, आपण मनाशी हिशेब लावू. पण एकामागून एक पुस्तक उघडलं की शिवणीला टेकून ती पांढरी पट्टी, मी ठेवली तशीच. आणि गंमत बघा, एकीचीच हलली होती. शिवणवालीची. तिच्या पुस्तकात पट्टी नव्हतीच. जिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं की मी उशाशी ठेवते, तीच तेवढी वाचते असं माझी परीक्षा सांगत होती. यावर शहाण्या माणसानं परीक्षेवरच संशय घेतला असता. मी शिवणवालीवर घेतला. म्हटलं, बिलंदर आहे, तिला पट्टीचा सुगावा लागला, तिनं काढून टाकली. मनात येईल तसं जग वाकवता येतं, फक्त मन आधीच वाकलेलं असावं लागतं.

पोस्टमास्तरांच्या पुस्तकात पट्टी ठेवायची की नाही यावर मी फार दिवस अडले. ठेवली नसती तर बरं झालं असतं, असं नाही. ठेवली नसती तर रोज तो एकच विचार पोखरत राहिला असता. ठेवली. पुस्तक परत आलं, पट्टी चाळिसाव्या पानाशी. मला वाटलं खोलीतला प्रकाश कमी झाला, पण ते ढगामुळे होतं. पुढच्या पुस्तकात पुन्हा ठेवली. पुन्हा तशीच. आणि आता मी ऐकायला लागले तर त्यांचं बोलणंही तसंच निघालं. पूर्वी ते कसे सबंध पुस्तकात हिंडायचे, मधल्या प्रकरणातला म्हातारा, शेवटचं पत्र, काय काय. आता सुरुवात सांगायचे. नायक गावात कसा येतो, घर कसं आहे, सुरुवातीचं भांडण. पुढचं काही नाही. मी मुद्दाम विचारलं, "आणि शेवट?" तर चष्मा पुसत म्हणाले, "शेवट असा सांगू नये, बाई." पुढच्या वेळी मी दुसऱ्या बाजूनं विचारलं, ती मुलगी परत येते का? तर गडबडले. चक्क गडबडले. "बघू, बघू," म्हणाले आणि कपाटाकडे वळले. बघू काय? वाचलेल्या पुस्तकात बघायचं काय असतं? मला कळलं, पहिली दोन प्रकरणं चाळायची, तेवढ्यावर बाईंशी चार वाक्यं बोलायची आणि घरी जायचं. माझ्यावर दया करायला गाव येत होतं, आणि त्या दयेची सगळ्यात मोठी वर्गणी हे देत होते. घरी मी तोंड धुताना रडले. वहिनीनं बाहेरून विचारलं, साबण डोळ्यांत गेला का, आणि मी हो म्हटलं.

तपासनीस आले ते अशाच दिवसांत. अनुदान कचेरीतून वर्षाकाठी कोणीतरी येतं; या वेळचे नवे होते. पातळ केस, प्रवासानं चुरगळलेली कॉलर, बोलताना शब्द मोजून काढायची सवय. अध्यक्षांनी चहा पाठवला, स्वतः येऊन हात मिळवला आणि दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणून गेले. तपासनीसांनी कपाटं बघितली, शिक्के बघितले, मान हलवली. "देवघेव चांगली आहे," म्हणाले. त्यात शाबासकी नव्हती. ते सगळीकडे असंच म्हणत असावेत. मग कप खाली ठेवता ठेवता, पेनला टोपण लावत, अगदी सहज त्यांनी विचारलं, "आणि वाचतात ना लोक?" मला एवढंच म्हणायचं होतं, हो. सगळ्या वाचनालयांत सगळे हेच म्हणतात. एका अक्षराचा शब्द. पण कित्येक आठवडे पुस्तकं टेबलाखाली उघडून बघणाऱ्या बाईच्या तोंडातून तो निघेना. दयेवर चालणारं वाचनालय चालवण्यापेक्षा ते बंद झालेलं काय वाईट, असं मला खरोखर वाटत होतं. माझ्या वडिलांनी कुणापुढे हात पसरला नाही आणि मी गावापुढे पसरायचा? "नाही," मी म्हटलं. "नेतात. वाचत नाहीत." त्यांनी टोपण पुन्हा काढलं. मी परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला आणि एकेक उघडून दाखवलं. चाळिसावं पान, पट्टी. चाळिसावं पान, पट्टी. हे पण, हे पण. माझ्या आवाजात तेव्हा एक प्रकारचा आनंद होता, हे मला नाकारता येत नाही. खरं बोलण्याचा कैफ असतो. आणि शिवणवालीचं तेवढं रिकामं, हेही मी प्रामाणिकपणे सांगितलं. "मी फार वाचनालयं बघितली, बाई," ते म्हणाले, "पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं." त्यांनी काहीतरी लिहिलं, पिशवी उचलली आणि जाताना मला नमस्कार केला, आले तेव्हा केला नव्हता तसा.

ते गेले आणि थोड्याच वेळात पोस्टमास्तर आले. पुस्तक टेबलावर ठेवलं, रुमाल काढला. मला त्यांचा तो रुमालसुद्धा सहन होईना. या वेळी मी टेबलाखाली नेलं नाही, त्यांच्यासमोरच पुस्तक उघडलं आणि पट्टीवर बोट ठेवलं.

"हे वाचलंत तुम्ही?"

"वाचलं की. छान आहे. तो नावाडी फार छान उभा केलाय."

"मग ही पट्टी इथं कशी?"

त्यांना प्रश्न कळला नाही. "इथंच होती ना?" त्यांनी वाकून पान बघितलं. "हो, चाळीसच. मी पुन्हा जागच्या जागी ठेवली. शिवणीला टेकलेली होती, तशीच टेकवून."

"ठेवली?"

"म्हणजे काय! पहिल्या दिवशी नाव घातलं तेव्हा तुम्हीच दम दिला होता. 'पुस्तकात दुसऱ्याची खूण दिसली तर हलवायची नाही. आपण वाचावं आणि ती होती तिथं ठेवावी. कुणीतरी तिथं थांबलेलं असतं.'" माझा आवाज काढून ते हसले. "गावात सगळ्यांना पाठ आहे ते. गवंडी मला परवा म्हणत होता, बाईंची पट्टी पडली हातून, पान आठवेना, जीव खाली-वर झाला. शेवटी सापडलं म्हणे, कागदावर वळ उठला होता तिचा."

नियम माझाच होता. पूर्वी ज्यांना अनामत भरणं जमत नसे ती माणसं इथंच बसून वाचायची, रोज थोडं थोडं, खूण ठेवून पुस्तक फळीवर परत. मधल्या काळात तेच पुस्तक दुसरा कोणी घरी नेई, आणि त्याच्या हातून खूण हलली की दुसऱ्या दिवशी केवढी भांडणं! म्हणून मी प्रत्येक नव्या सभासदाला दरडावून सांगायची. एकट्या शिवणवालीला सांगितलं नव्हतं, ती अगदी अलीकडे आली, तोवर इथं बसून वाचणारं कोणी उरलं नव्हतं आणि नियमाची गरज संपली होती; तिच्याकडे पट्टी गळून पडली ती पडलीच. मी तो पार विसरले. गाव विसरलं नाही.

"शेवट सांगा," मी म्हटलं. "या पुस्तकाचा. आत्ता."

"अहो पण तुमची मजा जाईल."

"सांगा!"

माझा आवाज ऐकून पेपरवाल्या दोघांनी माना वर केल्या. पोस्टमास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि नाइलाजानं सांगितलं. पूल पूर्ण होतो. नावाड्याला कोणी बोलवत नाही. तो एकदा पहाटे पुलावरून निघतो, अर्ध्यात जातो, कठड्यावरून खाली आपली नाव बघतो आणि परत फिरतो, कारण पलीकडे त्याला पायी जायचं कामच कधी पडलेलं नसतं. मी शेवटचं पान काढलं. कठडा होता. नाव होती. मी पुस्तक मिटलं, किल्ल्यांचा जुडगा त्यांच्यासमोर टाकला आणि "जरा बघा इकडे," एवढं म्हणून धावत सुटले. त्या किल्ल्या मी आजवर दादाच्याही हातात दिल्या नव्हत्या.

तपासनीस बसस्टॉपच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मला धापा टाकताना बघून त्यांनी सरकून जागा केली. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, खूण, नियम, गवंडी, नावाडी, एकात एक अडकलेलं. त्यांनी मधे तोंड घातलं नाही. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे लोक वाचतात."

"वाचतात."

"सगळे?"

इथंही मला एक अक्षर पुरलं असतं. "शिवणवाली सोडून," मी म्हटलं.

"जिची तेवढी खूण हललेली होती."

"हो."

त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. मग ते फार सौम्यपणे बोलले, आणि त्या सौम्यपणानंच मी हरले. "बाई, माझं अर्धं आयुष्य लोकांची खोटी 'हो' ऐकण्यात गेलं. मघाशी तुम्ही जे बोललात त्यात तुमचं नुकसान होतं, म्हणून मी ते खरं मानलं. आता जे सांगताय त्यात तुमचा फायदा आहे. तुम्ही माझ्या जागी असता तर कशावर विश्वास ठेवला असता?" मला उत्तर माहीत होतं. मी त्यांच्या जागी असते तर या बाईवर मुळीच विश्वास ठेवला नसता. आपल्यासारखाच संशय दुसऱ्याच्या डोळ्यांत बघितला की तो किती वाजवी दिसतो! "पुढच्या वर्षी अनुदान मिळणार नाही," ते म्हणाले. "वाईट वाटतं. तुमच्याइतकं खरं बोलणारं माणूस मला पुन्हा भेटेल असं वाटत नाही." बस आली. त्यांनी खिडकीतून हात केला, मी पण केला. काय करणार?

परत येताना मी चालत आले. अध्यक्ष दुकानाच्या पायरीवर उभे होते. "झालं का बाई सगळं व्यवस्थित?" त्यांनी विचारलं, आणि प्रथमच मला त्यांच्या विचारण्यात काहीही काळंबेरं दिसलं नाही. ते फक्त विचारत होते. मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, मलाच सांगता येणार नाही. आता बाहेर काही शोधायचं उरलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण करणारी मीच होते.

पोस्टमास्तर माझ्या खुर्चीवर बसले नव्हते, तिच्या शेजारी उभे होते, किल्ल्या मुठीत धरून. पेपरवाले गेले होते. त्यांनी पुढचं पुस्तक निवडून टेबलावर ठेवलेलं होतं. "काय झालं? कोण गेलं?" त्यांना वाटलं होतं, कुणाची तरी वाईट बातमी आली. मी बसले आणि त्यांना सांगितलं. शिवणवालीपासून. पडद्यामागचा हात वर गेलेला होता हेसुद्धा सांगितलं, काही गाळलं नाही. पट्ट्या कशासाठी होत्या ते सांगितलं. अनुदान गेलं, ते सांगितलं. मला वाटलं, वाचनालय गेल्याचं ऐकून ते हादरतील. त्यांनी फक्त निवडून ठेवलेलं पुस्तक उघडलं. मी आदल्या दिवशी सबंध फळीतच पट्ट्या घालून ठेवल्या होत्या. चाळिसावं पान. त्यांनी पट्टीकडे बघितलं.

"म्हणजे ही खूण तुमची नव्हे."

"माझीच. पण तशी नव्हे."

"तुम्ही चाळिसाव्या पानापर्यंत वाचलेलं नव्हतं."

"नाही."

"कुठल्याच पुस्तकात?"

मी नाही म्हटलं. उन्हाचा शेवटचा तुकडा टेबलावरून खाली उतरत होता आणि ते त्याच्याकडे बघत होते.

"मी प्रत्येक पुस्तक उघडलं की पट्टी दिसायची. इथं बसून वाचणारं आता दुसरं कोण? तुमचीच," ते म्हणाले. "मला वाटायचं, एवढ्या कामातून बाई वेळ काढतात, चाळीस पानं होतात, तेवढ्यात मी ते पुस्तक घरी नेतो. वाईट वाटायचं. म्हणून मी इथं येऊन चाळीस पानांच्या पुढचं काही बोलत नव्हतो. तुमचं वाचून व्हायचं आहे, उगाच आधी कशाला सांगा." ते थांबले. "तुम्ही शेवट विचारायचात तेव्हा पंचाईत व्हायची. घरी गेल्यावर चाळिसाव्या पानाशी आलो की मी जरा थांबायचो. मला वाटायचं, बाई इथवर आल्यात. आपण बरोबरीनं वाचतोय."

त्यांनी पट्टी काढून माझ्यापुढे ठेवली. पुस्तक मिटलं, कपाटाशी गेले आणि ज्या फटीतून काढलं होतं त्याच फटीत ते सरकवलं, दोन्ही बाजूंची पुस्तकं नीट सारखी केली. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. मला म्हणायचं होतं, बसा, मी आजपासून वाचते, खरंच वाचते, पहिल्या पानापासून. पण माझ्या बोलण्यावर आता त्यांनी का म्हणून विश्वास ठेवावा? ते दाराकडे निघाले. एरवी पुस्तक धरलेला हात आज त्यांनी आधी पाठीमागे घेतला, मग पुढे, मग खिशात घातला, आणि ते रिकामेच गेले.